मोहावे की मोजावे? अमेरिकेतल्या एका अक्षराचा घोळ आणि वऱ्हाडातल्या नावांचा हिशेब

ॲपल कंपनीने २०१८ मध्ये मॅक कॉम्प्युटरसाठी नवी सिस्टीम आणली आणि तिला एका वाळवंटाचं नाव दिलं. आपल्याकडे ते कुणी मोजावे वाचलं, कुणी मोजेव्ह. खरा उच्चार साधारण 'मोहावी' असा आहे आणि जोर 'हा'वर येतो. स्पेलिंगमध्ये 'जे' असला तरी तो 'ह' म्हणूनच वाचायचा, कारण ते स्पेलिंग स्पॅनिश लोकांनी केलेलं आहे. गंमत म्हणजे हाच शब्द इंग्रजीत 'एच' घालूनही लिहितात. दोन्ही स्पेलिंगं बरोबर मानली जातात, दोन्ही सरकारी कागदांवर आहेत आणि नकाशावर तर ती शेजारीशेजारी सापडतात. मराठीत 'मोहावे' असं लिहिलं की कुणाला मोहात पडायचं आमंत्रण वाटेल, पण त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही.

परदेशातल्या एका शब्दाची उठाठेव बडनेऱ्यातल्या किंवा अकोल्यातल्या माणसाने कशाला करावी? कारण असाच एका अक्षराचा घोळ महाराष्ट्रात लाखो लोकांच्या शिक्षण-नोकरीशी जोडलेला आहे. तिकडे स्पेलिंग बदललं तर नकाशावरची पाटी बदलते. इकडे 'र'चा 'ड' झाला तर माणूस एका यादीतून दुसऱ्या यादीत जातो, किंवा कुठल्याच यादीत राहत नाही.

या शब्दाचा नेमका अर्थ काय?

इंग्रजी शब्दकोशात मोहावेचे साधारण तीन अर्थ मिळतात. पहिला, कोलोरॅडो नदीकाठचा एक आदिवासी समाज आणि त्या समाजातली व्यक्ती. दुसरा, त्यांची भाषा. ती युमन भाषाकुळातली आहे आणि आता फार थोडे लोक ती बोलतात. तिसरा, वाळवंट. कॅलिफोर्नियाचा आग्नेय भाग, नेवाडाचं दक्षिण टोक आणि ॲरिझोनाची कड एवढा त्याचा पसारा आहे. डेथ व्हॅली याच भागात येते, आणि त्या प्रसिद्ध वेड्यावाकड्या जोशुआ वृक्षांचं घरही हेच.

वापराचा साधा नियम असा की वाळवंटाचं आणि कॅलिफोर्नियातल्या ठिकाणांचं स्पेलिंग बहुतेक वेळा 'जे'ने होतं. ॲरिझोनातल्या जिल्ह्याचं नाव 'एच'ने लिहितात. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणामागे जो जलाशय आहे, त्याच्या नावातही 'एच' आहे. समाजाच्या बाबतीत मात्र हा नियम कोलमडतो. ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या तिन्ही राज्यांत जमीन असलेली 'फोर्ट मोजावे' ही जमात स्वतःच्या अधिकृत नावात 'जे' लिहिते. तिथून नदीने खाली गेलं की पार्कर गावाजवळ दुसरं आरक्षित क्षेत्र आहे. तिथे मोहावे लोक चेमेहुएवी, होपी आणि नवाहो यांच्यासोबत राहतात आणि 'एच' लिहितात. समाज एक, भाषा एक, स्पेलिंगं दोन.

ही दोन्ही स्पेलिंगं बाहेरच्यांनी केलेली आहेत. हे लोक स्वतःला 'अहा मखाव' म्हणतात. 'अहा' म्हणजे पाणी, आणि सगळ्या नावाचा अर्थ 'नदीकाठचे लोक'. म्हणजे जे लोक स्वतःची ओळख पाण्यावरून सांगतात, त्यांचं नाव जगभर गेलं ते अमेरिकेतल्या सर्वांत कोरड्या मुलखाचं नाव म्हणून! १८४४ साली जॉन फ्रेमाँट या अमेरिकी संशोधकाला वाळवंटातल्या एका नदीकाठी या समाजाचे काही प्रवासी भेटले आणि त्याने नदीलाच त्यांचं नाव देऊन टाकलं. मोहावे लोक त्या नदीवर राहत नव्हते. ती नदी तर बहुतेक ठिकाणी वाळूखालूनच वाहते.

त्यातच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका प्रतिष्ठित अमेरिकी संदर्भग्रंथात या नावाचा अर्थ 'तीन डोंगर' असा छापला गेला. या भाषेत 'तीन' आणि 'डोंगर' यांचे शब्द ऐकायला थोडेसे तसे लागतात, एवढाच त्याला आधार. पुढे अभ्यासकांनी तो अर्थ फेटाळला. लॉरेन शेरर यांनी १९६७ मध्ये या एका नावाच्या इतिहासावर स्वतंत्र लेख लिहिला. तरी 'तीन डोंगर' अजून अधूनमधून सापडतं, कारण छापलेली चूक सहसा मरत नाही.

अमेरिकी सैन्याचं प्रकरण आणखी वेगळं. हेलिकॉप्टरला आदिवासी जमातींची नावं द्यायची त्यांची जुनी पद्धत आहे. भारतीय हवाई दलात २०१९ मध्ये दाखल झालेली अपाची आणि चिनूक ही दोन्ही नावं तशीच आली. मोजावे नावाचं अवजड हेलिकॉप्टरही १९५०च्या दशकात होतं, आणि २०२१ मध्ये याच नावाचा एक ड्रोन आला. ज्यांची जमीन लष्कराने घेतली त्यांचंच नाव लष्कराच्या यंत्रांवर, याला सन्मान म्हणायचं की आणखी काही, यावर तिकडे आजही एकमत नाही.

वऱ्हाडाचंही असंच झालं का?

बऱ्याच अंशी, हो. 'बेरार' हा शब्द पाहा. इंग्रजी कागदांत, निजामाच्या करारांत, त्याच्या युवराजाच्या 'प्रिन्स ऑफ बेरार' या किताबात सगळीकडे बेरारच. वऱ्हाडी माणसाच्या तोंडचा 'ऱ्ह' फारसीत नीट बसला नाही, फारसीतून इंग्रजीत तर नाहीच. आणि अर्थाचं म्हणाल, तर अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त या सुभ्याचं मूळ नाव 'वरदा-तट' असल्याचं सांगितलं आहे. वरदा म्हणजे वर्धा नदी, तिचा तट. म्हणजे हेही 'नदीकाठचे'च! ही व्युत्पत्ती कितपत खरी यावर वाद घालता येईल, पण ती निदान चारशे वर्षं जुनी आहे. लोकांच्या तोंडी मात्र दुसरीच गोष्ट आहे. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या लग्नाला वऱ्हाड आलं, म्हणून वऱ्हाड. कौंडण्यपूरही वर्धेच्याच काठी, तेव्हा नदी काही सुटत नाही.

अमरावतीची कथा जास्त पक्की आहे, कारण ती बाजाराच्या कागदांत नोंदली गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज हे नाव 'उमरावट्टी'सारखं काहीतरी लिहीत. स्थानिक 'उमरावती' त्यांच्या कानाला जसं ऐकू आलं, तसं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. तिथल्या बाजारात या कापसाच्या प्रतीला नाव पडलं 'उमरा', अनेकवचनी 'उमराज'. भडोच, ढोलेरा, हिंगणघाट यांच्या ओळीत उमरा. लिव्हरपूलच्या दलालाला अमरावती हे गाव आहे की झाडाची जात, याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला धाग्याची लांबी आणि भाव पुरे होता. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्ग अमरावतीवरून न जाता बडनेऱ्यावरून गेला, म्हणून पुढे अमरावतीला फाटा काढावा लागला आणि बडनेरा जंक्शन झालं. आजही मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीतून अमरावतीला जायचं तर बडनेऱ्यालाच उतरावं लागतं.

१८७०च्या दशकात विल्यम हंटरने भारतीय नावं रोमन लिपीत लिहायची एक शिस्त लावली. 'उमरावट्टी' गेलं, त्या जागी 'अमराओती' आलं आणि गॅझेटियरमध्ये तेच बसलं. आजचं स्पेलिंग स्वातंत्र्यानंतर रुळलं. आता नवी अडचण म्हणजे आंध्र प्रदेशची अमरावती. इंग्रजीत दोन्हींमध्ये फक्त एका 'ए'चा फरक आहे. त्यामुळे राजधानीच्या बातमीखाली वऱ्हाडातले फोटो आणि बेलोरा विमानतळाच्या पोस्टखाली आंध्रचे हॅशटॅग, असले प्रकार सोशल मीडियावर होणारच. बेलोऱ्याहून प्रवासी विमानसेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली, तेव्हा हा घोळ आणखी वाढला तर नवल नाही.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. कापसाचं नाव चुकलं म्हणून कुणाचं शिक्षण थांबलं नाही. पुढची गोष्ट तशी नाही.

यादीतल्या स्पेलिंगला एवढं वजन का?

राज्यघटनेच्या कलम ३४२ नुसार राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी काढायची आणि त्यानंतर तिच्यात बदल फक्त संसदेने कायदा करूनच करायचा. पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. ती इंग्रजीत होती आणि तिच्यातली बरीच नावं ब्रिटिश जनगणनेच्या, गॅझेटियरच्या स्पेलिंगात होती. म्हणजे एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने किंवा त्याच्या कारकुनाने कधीकाळी कानाने ऐकून लिहिलेलं नाव आता कायद्याचा भाग झालं.

मेळघाटातल्या कोरकूंची नोंद पाहा. ब्रिटिश कागदांत हे लोक कुठे 'कुर्कू', कुठे 'कुर', तर कुठे 'मुआसी' आहेत. त्यांच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस, आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे साधं 'माणसं'. महाराष्ट्राच्या यादीत आज कोरकूंच्या नोंदीत बोपची, मवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंदेया अशी नावं एकत्र आहेत. सुरुवातीला तर आणखी एक अट होती. मेळघाट तालुक्यातला कोरकू हा अनुसूचित जमातीचा, पण तोच अमरावती जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यात राहायला गेला की यादीबाहेर. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठलं. तोपर्यंत डोंगर उतरून बडनेऱ्याला कामाला आलेल्या कोरकूने घाट उतरताना जमातही खाली ठेवून यायची, असाच त्याचा अर्थ होता.

क्षेत्रबंधन उठलं ते बरंच झालं, पण त्यामुळे दुसरा प्रश्न उभा राहिला. आता यादीतलं नाव राज्यभर लागू झालं. मग ज्यांचं नाव यादीतल्या नावासारखं आहे, अशा समाजांनी दावे केले. काही दावे खरे होते, काही ओढूनताणून, आणि काही असे की खरं-खोटं ठरवणंच कठीण.

ठाकूर हे सर्वांत सोपं उदाहरण. यादीत नोंद अशी आहे: ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, म ठाकूर, म ठाकर. पण ठाकूर हे आडनाव आहे, पदवी आहे, उत्तर भारतात उच्च जातीचं नावही आहे. मग दाखल्यावर नुसतं 'ठाकूर' लिहिलेला माणूस कोण? यासाठी पडताळणी समित्या आहेत, त्यातली एक अमरावतीत आहे. समितीपुढे वंशावळ द्यायची, आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा द्यायचा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल द्यायची, आणि ती १९५० च्या आधीची असेल तर उत्तम. मग दक्षता पथक घरी येणार आणि देव कोणते, लग्नात काय करता, मर्तिकाला काय करता, हे विचारणार. यालाच आप्तभाव चाचणी म्हणतात. दोन पिढ्या शहरात राहिलेल्या पोराला पणजीच्या काळचे विधी पाठ नसतात आणि त्यावरून दावे फेटाळले गेले. शेवटी २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच एका प्रकरणात सांगितलं की ही चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नव्हे. जुनी, भरवशाची कागदपत्रं असतील तर त्यांना वजन द्यावं लागेल.

कागदावर कारकुनाने काय लिहिलं, यावर पुन्हा सगळं येऊन ठेपलं.

धनगर की धनगड?

आता महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला 'एका अक्षराचा' वाद. यादीत ३६व्या क्रमांकावर 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. धनगर समाजाचं म्हणणं असं की महाराष्ट्रात धनगड नावाचा समाजच नाही. इंग्रजी स्पेलिंग करताना 'र'च्या जागी 'ड' पडला, आणि ही नोंद आमचीच आहे. सध्या धनगरांना राज्यात भटक्या जमाती 'क' प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे.

हा दावा ऐकायला वाटतो तितका अचाट नाही. हिंदीत 'ड'खाली टिंब देऊन जो उच्चार होतो तो 'ड' आणि 'र' यांच्या मधला आहे. इंग्रज कधी तो 'आर'ने लिहीत, कधी 'डी'ने. ओडिशाचंच बघा. इंग्रजांनी तिथे 'आर' लावला आणि राज्य दीडशे-दोनशे वर्षं 'ओरिसा' राहिलं. २०११ मध्ये तो 'डी' झाला. पण तो कसा झाला, हे महत्त्वाचं आहे. त्यासाठी संसदेने कायदा केला आणि भाषेचं नाव बदलायला ९६वी घटनादुरुस्ती करावी लागली. स्पेलिंगची चूक म्हणून कुणी पेनाने खोडून दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या बाजूचाही मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नोंदीत 'धनगड' एकटा नाही, त्याच्या आधी 'ओरांव' आहे. ओरांव म्हणजे झारखंड-छत्तीसगडकडची कुडुख बोलणारी जमात, आणि ब्रिटिश काळात तिकडच्या मजुरांना 'धांगर' म्हणत. म्हणजे शब्द 'र'ने लिहा की 'ड'ने, तो मेंढपाळ धनगरांसाठीच आहे हे अक्षरावरून सिद्ध होत नाही. आधीच यादीत असलेल्या आदिवासी संघटनांचा विरोध याच मुद्द्यावर आहे, आणि वाटा कमी होण्याची भीतीही त्यात आहे, ती लपवायचं कारण नाही.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याबाबतच्या याचिका फेटाळल्या. यादी जशी आहे तशी वाचायची, न्यायालय तिच्यात भर घालू शकत नाही, अशी ही भूमिका. तिला आधार होता तो विदर्भातूनच गेलेल्या एका जुन्या खटल्याचा.

हलबा कोष्टींच्या प्रकरणात काय झालं होतं?

नागपूर-अमरावतीकडच्या हलबा कोष्टी समाजाचं म्हणणं होतं की आम्ही मूळचे हलबा, विणकाम करू लागलो म्हणून कोष्टी म्हणवले गेलो. यादीत 'हलबा, हलबी' आहे, 'हलबा कोष्टी' नाही. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद' या खटल्यात घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी सांगितलं की यादीतल्या नावात पोटजात किंवा समानार्थी शब्द सामावतो का, याची चौकशी करण्याचा अधिकार ना राज्य सरकारला आहे, ना न्यायालयाला, ना समितीला. यादीत जे छापलं आहे, तेच.

पण त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने १९६४ मध्ये वेगळं केलं होतं. तेव्हाच्या म्हैसूरच्या यादीत 'भोवी' जात होती. जुन्या म्हैसूर भागात भोवी नावाची जात सापडेना. मग न्यायालयाने पुरावा तपासू दिला आणि तिथे ज्यांना वोड्डर म्हणतात त्यांनाच उद्देशून ही नोंद असल्याचं मान्य केलं. धनगरांच्या बाजूने 'राज्यात धनगड नाहीतच' हा मुद्दा इतका लावून धरला जातो, तो याच निकालामुळे. मिलिंद प्रकरणानंतर ती खिडकी फार अरुंद झाली आहे.

त्याचा फटका सर्वांत जास्त बसला तो सरकारी नोकरीत असलेल्यांना. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळालेला लाभ राखता येणार नाही. मग राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना 'अधिसंख्य' पदांवर वर्ग केलं. म्हणजे खुर्ची तीच, टेबल तेच, पण पद कागदावरच्या एका वेगळ्याच रकान्यात.

आणि बडनेरा?

बडनेरा आणि अमरावतीच्या राजकारणात हा विषय अलीकडे आला तो अनुसूचित जातींच्या यादीवरून. अमरावती लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०१९ मध्ये तिथून निवडून आलेल्या नवनीत राणा यांचा 'मोची' जातीचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०२१ रोजी रद्द केला. त्यांचे पती रवी राणा हे बडनेऱ्याचे आमदार, त्यामुळे इथे हा विषय पानटपरीपर्यंत पोचला. वादाचा गाभा शब्दांचाच होता. जुन्या कागदांवर लिहिलेली 'मोची', 'चमार', 'शीख चमार' ही नावं यादीच्या दृष्टीने एकच की वेगवेगळी? ४ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. पडताळणी समितीने कागद तपासून दाखला वैध ठरवला होता, त्यात उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नको होता, हे त्यामागचं कारण. त्यानंतरच्या निवडणुकीत त्या हरल्या, हा भाग वेगळा.

राजकीय बाजू कुणालाही कशीही घेता येईल. सामान्य माणसाच्या दृष्टीने लक्षात येण्यासारखी गोष्ट ही की खासदाराला तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळाला. बारावीनंतर प्रवेशाची तारीख डोक्यावर असलेल्या मुलामुलींकडे तीन वर्षं नसतात.

अमेरिकेत हे असं का होत नाही?

तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. फोर्ट मोजावे इथेच १८९०च्या सुमारास मुलांसाठी निवासी शाळा काढली गेली आणि त्यांना स्वतःची भाषा बोलायला बंदी होती. भाषा मरणाला टेकली त्याचं एक मोठं कारण तेच. पण जमातीचा सदस्य कोण, हे ठरवण्याचा अधिकार मात्र जमातीकडे आहे. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांता क्लारा प्युब्लोच्या खटल्यात यात लुडबुड करायला नकार दिला. केंद्र सरकार मान्यताप्राप्त जमातींची यादी छापतं, तिच्यात साडेपाचशेहून जास्त नावं आहेत. पण त्या यादीतलं नाव जमात स्वतः बदलून घेऊ शकते. 'पापागो' हे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव टाकून एका जमातीने १९८६ मध्ये 'तोहोनो ओओढम' हे स्वतःचं नाव घेतलं. म्हणूनच मोहावे लोकांना 'जे' आणि 'एच' दोन्ही परवडतं. नदीच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला दुसरं, पण हक्क कुणाचाच जात नाही.

अर्थात त्या पद्धतीचेही तोटे आहेत. जमातीच्या मंडळानेच एखाद्या कुटुंबाला यादीतून काढलं तर दाद मागायला जागा फारच थोडी उरते. भारतात निदान न्यायालयाचं दार आहे, कितीही लांब असलं तरी.

नावावर हक्क सांगण्याची चळवळ तिकडे जोरात आहे. नेवाडातल्या मोहावेंच्या पवित्र डोंगराभोवतीचा पाच लाख एकरांहून मोठा प्रदेश २१ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय स्मारक झाला, आणि त्याला 'स्पिरिट माउंटन' या इंग्रजी नावाऐवजी मोहावे भाषेतलं 'आवी क्वा आमे' हे नाव दिलं गेलं. याच समाजातल्या कवयित्री नताली डियाझ यांना २०२१ मध्ये पुलित्झर मिळालं. त्यांनी शेवटच्या वडीलधाऱ्या भाषकांसोबत बसून भाषा जपण्याचं कामही केलं आहे.

पुढे काय?

जनगणना येते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि यावेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलेली जातींची नावं मोजली तेव्हा ती ४६ लाखांवर गेली, असं केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. १९३१ च्या जनगणनेत हा आकडा ४,१४७ होता. देशात अचानक लाखो नव्या जाती जन्मल्या नव्हत्या. त्यात मोठा भाग एकाच जातीच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांचा, पोटजाती आणि आडनावं जात म्हणून लिहिल्याचा होता. प्रगणकाच्या हातात यावेळी मोबाइल असेल. त्याने काय टाइप केलं, हे त्याच्यासमोर बसून बघणं कुणालाही शक्य आहे, आणि बघावंच.

मातृभाषेच्या रकान्याचं तर जास्तच. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे. ती मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्या नाही, कोरकूच्याही नाही. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं पक्कं जोडता आलेलं नाही. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने तिला कोरकूच्या खात्यात टाकलं होतं. डच अभ्यासक कुइपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हा तिचं वेगळेपण जगापुढे नीट आलं. जमातींच्या यादीत मात्र 'निहाल' अजून कोरकूच्याच ओळीत आहे. कोरकू बोलणारे २०११ मध्ये सात लाखांवर होते. निहालीचे दोन-अडीच हजार असतील. जनगणना दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचा आकडा वेगळा छापत नाही, त्यामुळे त्या तक्त्यात निहाली 'इतर'मध्ये जाते. तेही प्रगणकाने तिथे निहाली लिहिलं तर. त्याने कोरकू किंवा मराठी लिहून टाकलं, तर 'इतर'मध्येसुद्धा नाही.

ही भाषा बोलणारे तिला निहाली म्हणतच नाहीत. त्यांचा स्वतःचा शब्द 'कालटो' आहे.